इंग्रजी वाचता येतं, बोलणंही निभावतं. लिहायला बसलं की हात अडतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग डिप्लोमा, आणि आता वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नऊ वर्षं. इंग्रजी वाचून समजतं, मीटिंगमध्ये बोलणं जमतं, पण चार ओळींच्या ईमेलला पाऊण तास लागतो. जुन्या मेलमधली वाक्यं उचलता, भाषांतराच्या ॲपमध्ये टाकून बघता, तरी पाठवताना धाकधूक असते. व्याकरणाची दोन पुस्तकं सोडवून झाली, फरक पडला नाही. सोबत तुमच्या मेलचे दोन नमुनेही पाठवलेत, त्याबद्दल आभार. नमुना समोर नसेल तर या विषयावर कुणी काहीही सांगू शकतं.

मी नाशिकला गेली बावीस वर्षं नोकरदार माणसांना संध्याकाळी इंग्रजी शिकवते. माझ्याकडे येणारे बरेचसे सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतले, काही बँकेतले, काही दवाखान्यांतले. तुमच्या प्रश्नातलं एकही वाक्य मला नवं वाटलं नाही.

तुम्ही आहात तो टप्पा ओळखीचा आहे. युरोपात भाषेची पातळी ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्यांनी मोजतात. त्यातली बी१ म्हणजे ओळखीच्या विषयावर साधा, सलग मजकूर लिहिता येणं. तुमचं लेखन बी१च्या आसपास आहे आणि वाचन त्याच्या एक पायरी वर. ही तफावत जवळपास सगळ्यांची असते, कारण वाचताना शब्द ओळखला की काम भागतं, लिहिताना तो आठवावा लागतो. रस्त्यात ओळखीचा माणूस भेटतो, चेहरा लगेच कळतो, नाव मात्र ओठांवर येत नाही, तसंच हे.

म्हणून व्याकरणाचं तिसरं पुस्तक घेऊ नका. पुस्तक सगळ्यांसाठी लिहिलेलं असतं आणि तुमच्या चुका तुमच्या आहेत. त्या शंभर प्रकारच्या नाहीत, दहा-बारा प्रकारच्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक मराठीतून चालत आल्या आहेत. पाठवलेल्या मेलच्या फोल्डरमधले शेवटचे वीस मेल काढा. प्रत्येकातल्या चुकांखाली रेघ मारा. ज्या स्वतःला दिसत नाहीत त्या ऑफिसमधल्या एखाद्या विश्वासू माणसाला दाखवायला सांगा. मग सारख्या चुका एकत्र करा. तुम्ही पाठवलेल्या दोनच नमुन्यांत मला तीच चूक चार वेळा दिसली. ती सुटली की चार चुका एकदम जातात.

तुमच्या नमुन्यात आहे: 'वुई हॅव रिसीव्ड द मटेरियल यस्टरडे'. आपण मराठीत 'माल काल आला आहे' असं सहज म्हणतो, आणि ते शुद्ध मराठी आहे. इंग्रजीत मात्र 'हॅव' लावलं की संपलेली वेळ उघड सांगायची नाही. 'यस्टरडे', 'लास्ट वीक', 'ॲट थ्री' असा संपलेल्या वेळेचा शब्द आला की साधा भूतकाळ: 'वुई रिसीव्ड द मटेरियल यस्टरडे'. नियम एवढाच. पाठवण्याआधी मेलमध्ये 'यस्टरडे' शोधा आणि त्याच वाक्यात 'हॅव' आहे का बघा. असं शोधत राहिलात की काही आठवड्यांनी हात आपोआप थांबतो.

दुसरी चूक 'पासून'ची. 'मी इथे नऊ वर्षांपासून काम करतोय' याचं आपण सरळ 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स नाइन इयर्स' करतो. मराठीत 'पासून' दोन्हीकडे चालतो, '२०१६ पासून' आणि 'नऊ वर्षांपासून'. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स', किती काळ ते सांगायचं तर 'फॉर'. आणि काम अजून चालू असेल तर 'आय हॅव बीन वर्किंग'. 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर नाइन इयर्स' हे वाक्य दहा वेळा मोठ्याने म्हणा. याचा नियम पाठ करण्यापेक्षा वाक्य जिभेवर बसलेलं जास्त कामाला येतं.

क्रियापदांचीही अशीच गंमत आहे. आपण मीटिंग 'ठेवतो', परीक्षा 'देतो', रजा 'टाकतो', कुणा'वर' रागावतो. म्हणून 'वुई हॅव केप्ट अ मीटिंग', 'आय गेव्ह द एक्झाम', 'ही पुट लीव्ह', 'ही इज अँग्री ऑन मी' असं लिहिलं जातं. इंग्रजीत मीटिंग 'अरेंज' करतात, परीक्षा 'टेक' करतात, रजा 'टेक' किंवा 'अप्लाय फॉर' करतात, आणि राग माणसा'विथ' असतो. 'डिस्कस अबाउट' हेही 'विषयी चर्चा'तून आलंय. 'डिस्कस' एकटाच पुरेसा आहे. 'एक्स्प्लेन मी' हे 'मला समजावून सांगा'तून येतं. तिथे 'टू मी' लागतं. या जोड्या यादी करून पाठ करू नका. जी तुमच्या मेलमध्ये सापडेल तीच वहीत घ्या.

'जरी... तरी' आपल्याकडे जोडीनेच येतात. इंग्रजीत दोघांतला एकच चालतो. 'ऑल्दो द ट्रक वॉज लेट, बट वुई फिनिश्ड द जॉब' यातला 'बट' काढा. 'मीटिंग कधी आहे ते सांगा' याचं 'प्लीज टेल मी व्हेन इज द मीटिंग' होतं. प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की शब्दांचा क्रम साध्या वाक्यासारखा होतो, 'व्हेन द मीटिंग इज'. ही चूक मला चांगल्या चांगल्या इंजिनिअरांच्या मेलमध्ये दिसते.

'अ' आणि 'द'बद्दल थोडं थांबून सांगते, कारण मराठीत उपपदं नाहीतच आणि पुस्तकातले त्यांचे नियम वाचून माणूस हतबल होतो. रोजच्या लेखनापुरता एक नियम धरा: मोजता येणारं एकवचनी नाम कधी उघडं सोडू नका. 'प्लीज सेंड फाइल' असं लिहू नका. त्याच्या आधी काहीतरी हवं, 'अ', 'द', 'माय', 'युवर', 'धिस', काहीही. कोणतं ते ठरवायला एकच प्रश्न विचारा: कोणती फाइल हे वाचणाऱ्याला माहीत आहे का? माहीत असेल तर 'द', नसेल तर 'अ'. मराठीतही आपण हा फरक करतोच. 'काल एक माणूस आला होता. तो माणूस आज परत आला.' पहिल्या वेळी 'एक', दुसऱ्या वेळी 'तो'. तुम्हाला हे ज्ञान आहे, फक्त ते लिहिताना वापरायची सवय नाही. एवढ्याने सगळी उपपदं बरोबर येणार नाहीत, पण चुकांचा मोठा ढीग कमी होईल. उरलेल्यांची काळजी सध्या करू नका.

उलट, मराठीत जे आहे आणि इंग्रजीत नाही, त्याचाही एक सापळा आहे. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. इंग्रजीत दोन्हींना 'वुई'. सप्लायरला तुम्ही लिहिलंत 'वुई विल चेक द पार्ट्स ऑन मंडे', तर त्याला कळत नाही की तुमची माणसं तपासणार की दोघांनी मिळून तपासायचं. अशा वेळी 'अवर टीम विल चेक' किंवा 'लेट अस चेक टुगेदर' असं स्पष्ट लिहा. लिहिताना मनात 'आम्ही' आहे की 'आपण', हे स्वतःला विचारायची सवय लावा. या बाबतीत मराठी माणूस मुळातच जास्त काटेकोर आहे, त्याचा फायदा घ्या.

लिपीचा भाग पटकन संपवते. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही, म्हणून वार, महिने, माणसांची नावं आणि स्वतःसाठीचा 'आय' यांची पहिली अक्षरं मोठी करायची राहून जातात. स्वल्पविरामाच्या आधी जागा सोडायची नाही, नंतर सोडायची. हे तपासायला अर्धा मिनिट लागतो.

आता मूळ अडचणीकडे येते, कारण वाक्यं शुद्ध झाली तरी तुमचे मेल वाचायला जड जातील. तुमचा दुसरा नमुना इथे देते:

'रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट, आय वुड लाइक टू इन्फॉर्म यू दॅट वुई हॅव रिसीव्ड द मटेरियल यस्टरडे अँड व्हेन वुई चेक्ड इट देन वुई फाउंड दॅट फॉर्टी पीसेस आर हॅविंग रस्ट इन इनर साइड, सो काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक ॲट द अर्लिएस्ट.'

यात सगळं आहे, पण वाचणाऱ्याला करायचं काय, ते अगदी शेवटी आहे आणि तेही मोघम. हा आकार आपल्या अर्जाचा आहे. 'वरील विषयास अनुसरून सविनय विनंती अर्ज करतो की' अशी सुरुवात करायची, कारण सांगायचं, मग मागणं. मराठीत क्रियापदही शेवटीच येतं. ऐकणाऱ्याला थांबायची सवय असते. इंग्रजी ऑफिस मेलमध्ये मागणं आधी आणि कारण नंतर. 'डू द नीडफुल' हे जुनं ब्रिटिश कचेरीतलं वळण आहे. ब्रिटनमध्ये ते मागे पडलं, आपल्याकडे टिकलं. त्यात 'नीडफुल' म्हणजे नेमकं काय, हे वाचणाऱ्यावर सोडलेलं असतं, आणि तिथेच काम अडतं.

तोच मेल मी असा लिहीन (मालाचं नाव, एकूण नग, फोटो आणि मुदत मी मनाने घातलीत):

'डिअर सर, प्लीज रिप्लेस ४० ऑफ द ५०० ब्रॅकेट्स वुई रिसीव्ड यस्टरडे. दे हॅव रस्ट ऑन द इनर साइड. फोटोज आर अटॅच्ड. वुई नीड द न्यू पीसेस बाय फ्रायडे, बिकॉज अवर लाइन विल स्टॉप ऑन सॅटरडे विदाउट देम. कुड यू कन्फर्म टुडे?'

इथे एकही अवघड शब्द नाही. तुम्हाला यातला प्रत्येक शब्द आधीपासून येत होता. बदललं ते मुख्यतः काय आधी आणि काय नंतर, आणि एका लांबलचक वाक्याची पाच वाक्यं झाली. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळासाठी लिहिणाऱ्यांना वाक्य २५ शब्दांच्या वर जाऊ देऊ नका असं सांगितलं जातं, आणि ते इंग्रजी मातृभाषेत लिहिणारे लोक आहेत. तुमचं मूळ वाक्य जवळजवळ पन्नास शब्दांचं होतं. 'अँड', 'सो', 'देन' दिसला की तिथे पूर्णविराम देता येतो का बघा.

लिहिण्याआधी एक काम करा. कागदावर मराठीत एकच ओळ लिहा: 'त्याने काय करावं असं मला वाटतं?' उत्तर आलं, 'शुक्रवारपर्यंत चाळीस ब्रॅकेट बदलून द्यावेत.' ही ओळ मेलची पहिली ओळ. पाऊण तास जातो तो बहुधा इंग्रजी शोधण्यात जात नाही. आपल्याला काय म्हणायचंय ते आधी ठरलेलं नसतं, आणि ते आपण इंग्रजीत ठरवू पाहतो. विचार मराठीत पक्का करण्यात काहीही कमीपणा नाही. फक्त वाक्य मराठीत तयार करून मग शब्दाला शब्द ठेवत जाऊ नका.

आदराबद्दल तुम्ही विचारलंय की इतकं सरळ लिहिलं तर उद्धट वाटेल का. आपल्याकडे आदर 'तुम्ही', 'आपण', 'साहेब', आणि क्रियापदाच्या अनेकवचनातून दिसतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', म्हणून आपण घाबरून 'रिस्पेक्टेड', 'काइंडली', 'हंबली' असे शब्द रचतो. इंग्रजीत आदर क्रियापदाच्या आधी येतो: 'कुड यू', 'वुड यू माइंड', 'वुड इट बी पॉसिबल टू'. मागणं जितकं मोठं तितकं हे वळण लांब. फोटो पाठवायला सांगताना 'प्लीज सेंड' चालतं. रविवारी थांबायला सांगताना 'वुड इट बी पॉसिबल' हवं. भारतातल्या साहेबांना 'सर' लिहायला काहीच हरकत नाही, तो आपल्या ऑफिसचा रिवाज आहे. परदेशी ग्राहक स्वतःच्या मेलखाली पहिलं नाव लिहीत असेल तर त्याला त्याच नावाने लिहा.

परदेशी वाचकासाठी आणखी काही गोष्टी, कारण तुमची कंपनी जर्मनीला माल पाठवते. 'रिव्हर्ट' म्हणजे उत्तर देणं, हा अर्थ आपल्याकडे रुळलाय. तिकडे बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ पूर्वस्थितीला परत जाणं. 'रिप्लाय' लिहा. लाख-कोटी त्यांना कळत नाहीत, आणि १,५०,००० हा स्वल्पविरामही त्यांना बुचकळ्यात टाकतो. १५०,००० असं लिहिलं तरी जर्मनीत स्वल्पविराम दशांशचिन्हासारखा वापरतात, म्हणून महत्त्वाचा आकडा असेल तर स्वल्पविराम टाळून जागा सोडा किंवा अक्षरी लिहा. तारीख ०५/०६ अशी लिहू नका. काहींसाठी ती ५ जून असते, काहींसाठी ६ मे. महिन्याचं नाव लिहा. 'प्रीपोन' हा आपला शब्द आहे आणि मला तो आवडतो. भारतात बिनधास्त वापरा, बाहेर 'मूव्ह टू ॲन अर्लिअर डेट' म्हणा. भारतीय इंग्रजीची लाज वाटायचं कारण नाही. समोरच्याला कळेल का, एवढाच प्रश्न आहे.

सरावासाठी मी माझ्या वर्गात एकच पद्धत सगळ्यांकडून करून घेते, आणि ती माझी नाही. अठराव्या शतकात बॉस्टनला मोठ्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करणाऱ्या किशोरवयीन बेंजामिन फ्रँकलिनने ती स्वतःसाठी शोधली. लंडनच्या 'स्पेक्टेटर' या नियतकालिकातले आवडलेले लेख घ्यायचे, प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपून ठेवायचा, काही दिवस जाऊ द्यायचे, मग मूळ न बघता टिपणांवरून लेख पुन्हा लिहायचा आणि मूळ मजकुराशी ताडून बघायचा. आपण कुठे कमी पडलो ते समोरच दिसतं, त्याला शिक्षक लागत नाही.

तुम्ही लेख घेऊ नका. तुमच्या इनबॉक्समध्ये एखादा माणूस असेल ज्याचे मेल वाचले की लगेच कळतात. त्याचा साठ-सत्तर शब्दांचा मेल घ्या. त्यातले मुद्दे मराठीत टिपा. दोन दिवसांनी टिपणावरून इंग्रजीत लिहा आणि शेजारी मूळ ठेवा. त्याने 'बाय' वापरला तिथे तुम्ही 'टिल' वापरलात, त्याने तीन शब्दांत सांगितलं तिथे तुम्ही नऊ घेतलेत, हे तुमच्या डोळ्यांना दिसेल. आठवड्यातून तीन वेळा, वीस-वीस मिनिटं. यापेक्षा जास्त करायला लागलात तर पंधरा दिवसांत सोडून द्याल. असं होताना मी पुष्कळ पाहिलंय.

बाकीचा रियाज तुमच्या फोनवर आहेच. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्ही दिवसाला वीस-तीस संदेश इंग्रजीत टाकत असाल. तिथे अर्धवट अक्षरांचे शब्द बंद करा. पूर्ण शब्द, पूर्ण वाक्य, शेवटी पूर्णविराम. 'मटेरियल रीच्ड?' ऐवजी 'हॅज द मटेरियल अराइव्ड?' लिहा. एवढी एकच सवय लागली तरी रोजचा अर्धा तास लेखनाचा सराव फुकट मिळतो.

ॲपबद्दल. लांब मराठी वाक्य भाषांतरात टाकून जे येईल ते चिकटवू नका, कारण ते बरोबर आहे की नाही हे तुम्हाला तपासता येत नाही, आणि धाकधूक तिथूनच येते. आधी स्वतः लिहा, कितीही मोडकं असलं तरी. मग यंत्राला सांगा की वाक्य बदलू नकोस, फक्त चूक कुठे आहे आणि का, ते सांग. जी दुरुस्ती समजली तीच घ्या. न समजलेली दुरुस्ती घेऊन पाठवलेला मेल तुमचा राहत नाही, आणि उद्या समोरचा फोनवर त्याबद्दल विचारेल तेव्हा तुम्ही अडकाल.

शब्दकोश इंग्रजी-इंग्रजी घ्या, पण शिकणाऱ्यांसाठीचा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांचे असे कोश इंटरनेटवर फुकट आहेत. इंग्रजी-मराठी कोश अर्थ सांगतो. हे कोश वापर सांगतात, म्हणजे नाम मोजता येतं का, पुढे कोणतं शब्दयोगी येतं, वाक्यात कसं बसतं. 'इन्फर्मेशन' आणि 'इक्विपमेंट' यांना अनेकवचनाचा 'एस' लागत नाही, 'सजेस्ट मी' असं होत नाही, हे तिथे सापडतं. मोठे शब्द शोधायला मात्र तिथे जाऊ नका. 'कमेन्स'पेक्षा 'स्टार्ट', 'युटिलाइज'पेक्षा 'यूज'. साध्या शब्दाने तुमची किंमत कमी होते असं वाटत असेल तर कंपनीतल्या सर्वात वरच्या साहेबांचे मेल वाचा. बहुधा तेच सर्वात छोटे असतात.

आज एक दोनशे पानी वही घ्या आणि पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे तुमचं चुकलेलं वाक्य, उजवीकडे दुरुस्त. नियम लिहू नका, वाक्यच लिहा. एका वेळी फक्त तीन चुका लक्ष्य धरा. तुमच्यासाठी पहिल्या तीन मी सांगते: 'यस्टरडे'सोबतचा 'हॅव', उघडं एकवचनी नाम, आणि पन्नास शब्दांचं वाक्य. प्रत्येक मेल पाठवण्याआधी मोठ्याने वाचा आणि फक्त या तिघांना शोधा. पहिल्या महिन्यात वेळ कमी होणार नाही, कदाचित पाऊण तासाचा एक तास होईल, कारण आता तुम्ही तपासायला लागलेले असाल. तिथे सोडू नका. माझ्याकडच्या बहुतेकांना तिसऱ्या महिन्याच्या सुमारास वेळ उतरलेला जाणवतो. एखादी चूक सलग तीन आठवडे दिसली नाही की वहीत तिच्यावर काट मारा आणि पुढची घ्या. तुमच्या नमुन्यांवरून पाहता चौथी 'आर हॅविंग रस्ट'मधला 'हॅविंग' असेल.